चुलीचा शेक, मिरचीचा हात आणि रेडिओअ‍ॅक्टिव्ह औषध

मागच्या अखाजीच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या आधी एका रात्री साडेदहाला पारोळ्याहून मावसभावाचा फोन आला. म्हणे ताई, आईचं ताट-वाटी शेजारच्या काकूंनी घराबाहेर उकिरड्यावर टाकायला लावली, त्यात ते किरण शिरलेत म्हणे, आता तिचे कपडे पण जाळायचे का. मावशीला थायरॉईडसाठी रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन देऊन तेव्हा तिसरा दिवस होता. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात औषध दिलं, हातात इंग्रजीत छापलेला कागद दिला आणि घरी पाठवलं, तो कागद तिला कोणी वाचून दाखवला नाही की समजावून सांगितला नाही. फोनवर मागून मावशीचा आवाज येत होता, "माले वाळीत टाकं का रे तुमी?" तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मी भावाला विचारलं, बाळ कुठे झोपतो? बाळ म्हणजे त्याचा दोन वर्षांचा मुलगा. तो म्हणाला, बाळ तर आईजवळच झोपतो ना, त्याला आजीशिवाय झोप कुठे येते.

म्हणजे बघा, त्या घरात धुऊन स्वच्छ झालेलं स्टीलचं ताट फेकलं गेलं आणि दोन वर्षांचं लेकरू दोन रात्री तिच्या कुशीत झोपलं. जिथे भ्यायचं काही कारण नव्हतं तिथे सगळे घाबरले आणि जिथे चार हात लांब राहायचं तिथे कोणाला शंका सुद्धा आली नाही. ह्यात त्यांची चूक काय म्हणायची, कोणी सांगितलंच नव्हतं. मी न्यूक्लिअर मेडिसिनमधे, म्हणजे रेडिओअ‍ॅक्टिव्ह औषधांनी तपासणी आणि उपचार करणाऱ्या विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे, रोज हेच औषध हाताळते, आणि मलाच लाज वाटली की आपल्या घरच्या माणसांना आपण हे कधी नीट सांगितलं नाही. म्हणून हे लिहितेय, जसं भावाला त्या रात्री सांगितलं तसंच, थोडं वाढवून.

सगळ्यात आधी, रेडिओअ‍ॅक्टिव्ह म्हणजे काय. काही अणू स्वभावाने अस्थिर असतात, ते आपोआप फुटतात आणि फुटताना ऊर्जा बाहेर टाकतात, कधी बारीक कणांच्या रूपात, कधी एक्स-रे सारख्या किरणांच्या रूपात. सेकंदाला एक अणू फुटला तर त्याला एक बेकरेल म्हणतात. आता आपल्या रावेर-यावलचं एक केळ घ्या, त्यात पोटॅशियम असतं, आणि निसर्गातल्या सगळ्या पोटॅशियममधे अगदी थोडा भाग रेडिओअ‍ॅक्टिव्ह असतो, त्यामुळे एका केळ्यात सेकंदाला साधारण १५ अणू फुटतात. तुमच्या-माझ्या अंगातलं पोटॅशियम धरलं तर सेकंदाला चार हजाराच्या वर. तरी आपण केळी खातो, लेकरांना भरवतो आणि काही होत नाही, कारण तो डोस नगण्य आहे आणि शरीर जादाचं पोटॅशियम साठवून न ठेवता बाहेर टाकतं. मावशीला जे औषध दिलं ते होतं १५ मिलिक्युरी, म्हणजे सेकंदाला ५५ कोटी ५० लाख अणू फुटणारं. केळ पण रेडिओअ‍ॅक्टिव्ह आणि मावशीचं औषध पण रेडिओअ‍ॅक्टिव्ह, शब्द एकच आहे. म्हणून नुसत्या शब्दावर जाऊ नका, किती ते विचारा. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर अमुक वस्तू रेडिओअ‍ॅक्टिव्ह आहे असं पाठवलं आणि आकडा नसेल तर त्या मेसेजला काही अर्थ नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती मी चुलीवरून आणि मिरचीवरून सांगते कारण भावाला पण तशीच पटली.

तुम्ही पेटलेल्या चुलीसमोर बसलात की शेक लागतो. जवळ बसलात तर जास्त, लांब सरकलात तर कमी, उठून गेलात की बंद. चुलीचा शेक तुमच्याबरोबर दुसऱ्या खोलीत येत नाही, आणि तुम्हाला शेक लागला म्हणून तुम्ही स्वतः चूल होत नाही. मावशीच्या गळ्यातून जे किरण बाहेर येत होते ते असे होते. समोर ठेवलेल्या ताटावर पडले, भिंतीवर पडले, पण ताट काही त्यामुळे रेडिओअ‍ॅक्टिव्ह होत नाही. एक्स-रे काढून आलेला माणूस जसा साधा माणूसच असतो तसंच.

दुसरी गोष्ट मिरचीची. आपल्याकडे नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर ज्या बाया कामाला जातात त्यांना विचारा. दिवसभर लाल मिरची वाळवायची, डेख खुडायचे, आणि घरी येऊन हात न धुता लेकराच्या तोंडाला हात लावला की लेकरू किंचाळतं. तिथे मिरची पथारीवर राहिलेली नसते, तिचा कण हातावर बसून घरी आलेला असतो. रेडिओअ‍ॅक्टिव्ह पदार्थाचं पण असंच होतं, पदार्थ स्वतःच तुमच्या हाताला, कपड्याला, पोटात गेला तर तो तुमच्याबरोबर फिरतो. ह्याला आम्ही कंटॅमिनेशन म्हणतो. शेकापासून वाचायला लांब सरकावं लागतं. मिरचीपासून वाचायला हात धुवावे लागतात. दोघांचे उपाय वेगळे, आणि लोक नेमकी इथेच गल्लत करतात.

मावशीकडून दोन्ही होतं. गळ्यातून शेक. आणि लघवी, घाम, थुंकी ह्यातून मिरची. ताटाला जी काही थुंकी लागली असेल ती साबणाने धुतली की गेली, ताट फेकायची काही गरज नव्हती. बाळाला मात्र रात्रभर एका हातावरून शेक लागत होता. मी दुसऱ्या दिवशी आमच्या फिजिसिस्ट सरांना सगळी माहिती देऊन हिशोब करायला लावला, डोस थोडा होता, घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण जो डोस सहज टाळता आला असता तो लहान मुलाला मिळाला ह्याचं मला वाईट वाटलंच.

हे औषध देतात कशाला हे पण सांगते. थायरॉईड ही गळ्यातली फुलपाखरासारखी ग्रंथी, तिला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं, आणि अख्ख्या शरीरात आयोडीन एवढं ओढून घेणारी दुसरी जागा नाही. मावशीची ग्रंथी प्रमाणाबाहेर चालत होती, छाती धडधडायची, हात थरथरायचे, वजन उतरलं, आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात तर तिला घरात सुद्धा बसवेना. अशा वेळी रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन, म्हणजे आयोडीन-१३१, पाण्यासारखं असतं, स्ट्रॉने प्यायला देतात, किंवा कॅप्सूल असते. ग्रंथीला ते साधं आयोडीन वाटतं, ती आपणहून ओढून घेते. त्यातून निघणारे बीटा कण मांसात जेमतेम दोन मिलिमीटर जातात, म्हणजे ग्रंथीच्या आतच त्यांचं काम संपतं, जास्त चालणाऱ्या पेशी मरतात. चाकू नाही, टाका नाही. शेक देणारे गॅमा किरण वेगळे, ते बाहेर येतात. हा विचार पहिल्यांदा अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. सॉल हर्ट्झ ह्यांना सुचला, १९३७ मधे सशांवर प्रयोग सुरू झाले आणि १९४१ च्या मार्चमधे पहिल्या पेशंटला औषध दिलं गेलं. आठ दशकं उलटली, आजही तेच औषध तितकंच उपयोगी आहे, मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आपल्याकडे परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून हे काम करतंय आणि औषध तयार होऊन येतं ते बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र, आणि नवी मुंबईच्या ब्रिट ह्या सरकारी संस्थेकडून.

ह्याच आयोडीनची दुसरी बाजू चेर्नोबिलला दिसली, १९८६ ला. अणुभट्टी फुटली, आयोडीन हवेतून गवतावर पडलं, गवत गायींनी खाल्लं, दूध लेकरांनी प्यायलं. दूध वेळेत बंद केलं गेलं नाही, आणि त्या भागात लोकांच्या जेवणात आयोडीन आधीच कमी, मग लेकरांच्या ग्रंथींनी मिळेल ते सगळं ओढलं. पुढे हजारो मुलांना थायरॉईडचा कॅन्सर झाला. जे ओढून घेणं मावशीला बरं करतं तेच तिथे लेकरांच्या मुळावर आलं. मावशीच्या केसमधे डॉक्टर मोजून देतात, एका माणसाला, गरज असलेल्या ग्रंथीत. तिथे ना माप होतं ना कोणी विचारलं.

आता वेळेचा हिशोब. आयोडीन-१३१ आठ दिवसांत अर्धं होतं. आपण मराठीत आठवड्याला आठ दिवसच म्हणतो ना, एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत, तसंच लक्षात ठेवा. आज सोळा असेल तर पुढच्या बाजाराला आठ, त्याच्या पुढच्याला चार, मग दोन, मग एक. हे कशाने थांबत नाही आणि कशाने वाढवता पण येत नाही, पाण्यात उकळा, गोमूत्र शिंपडा, उन्हात वाळवा, अणूला काही फरक पडत नाही, तो आपल्या वेळेनेच फुटतो. फक्त माणसाच्या शरीरातून ते ह्याहून लवकर कमी होतं कारण जे ग्रंथीने घेतलं नाही ते लघवीतून निघून जातं, बरंचसं पहिल्या दोन दिवसांतच. म्हणून पहिल्या दिवसांत पाणी भरपूर प्यायचं आणि संडास-बाथरूमची काळजी सगळ्यात जास्त घ्यायची. ज्यांना कॅन्सरसाठी मोठा डोस देतात त्यांना तर वेगळ्या खोलीत ठेवतात, किरण मोजणाऱ्या मीटरवर आकडा ठरलेल्या मर्यादेखाली आला की सोडतात, आणि त्या खोलीच्या संडासाचं पाणी थेट गटारीत न सोडता मोठ्या टाक्यांमधे अडवून ठेवतात, जिरेपर्यंत. पावसाचं पाणी शेततळ्यात धरतो तसं, फक्त इथे धरायचं ते कमी व्हावं म्हणून.

आमच्याकडे हे कसं हाताळतात ते सांगते म्हणजे घरचे नियम कुठून आले ते कळेल. जिथे औषध येतं त्या खोलीला हॉट लॅब म्हणतात. बाटली शिशाच्या जाड डब्यात येते, वर कागद, किती तारखेला किती वाजता किती मिलिक्युरी होतं. समोर शिशाचा आडोसा, त्याला शिशाचीच जाड काच, त्यातून बघायचं, हात दोन्ही बाजूंनी आत. आयोडीन उडतं, म्हणजे वाफ होते, म्हणून बाटली उघडायची ती आतली हवा खेचणाऱ्या कपाटातच. दोन जोडी ग्लोव्हज. लांब चिमटा, कारण बोटाने धरायची बाटली एक फुटावरून धरली की फरक खूप पडतो, अंतर तिप्पट केलं की शेक नवव्या भागावर येतो. नवीन मुलं आली की आम्ही आधी साध्या पाण्याने पूर्ण तालीम करून घेतो, दहा वेळा, वीस वेळा, कारण खऱ्या वेळी हात अडखळला तर जेवढे सेकंद जास्त गेले तेवढा डोस जास्त. वेळ कमी, अंतर जास्त, मधे आडोसा, ह्या तीन गोष्टींवर सगळं चालतं.

आडोसा पण कसाही चालत नाही. लोकांना वाटतं शिसं म्हणजे सगळ्यावर उपाय. एक्स-रे वाल्यांचा तो शिशाचा एप्रन आयोडीनच्या गॅमा किरणांना फारसा अडवत नाही, अंगावर वजन तेवढं वाढतं. आणि संशोधनाच्या लॅबमधे फॉस्फरस-३२ वापरतात तिथे तर शिसं लावायचं नाही, साधी जाड अ‍ॅक्रिलिकची पाटी लावायची, कारण त्याचे जोरदार बीटा कण शिशासारख्या जड धातूवर आदळले की उलट एक्स-रे तयार होतात. ज्याचा त्याचा आडोसा वेगळा.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडे एक विद्यार्थी शिकायला होता, हुशार, काळजी घेणारा. काम झालं, ग्लोव्हज उलटे करून काढले, हात धुतले, नियमाप्रमाणे मीटर फिरवायला माझ्यापुढे उभा राहिला. हातावर काही नाही, बुटांवर काही नाही, आणि छातीपाशी मीटर आणलं तशी टिकटिक एकदम वाढली. त्याचा चेहरा पांढरा पडला. खिशात निळ्या टोपणाचं पेन होतं. मधेच आकडा लिहायला त्याने ग्लोव्हजच्या हाताने ते पेन उचललं होतं आणि खिशात ठेवलं होतं, बस एवढंच. डोळ्याला काही दिसत नव्हतं, वास नाही, डाग नाही. ते पेन आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत टाकलं, वर आयोडीन-१३१ आणि तारीख लिहिली आणि शिशाच्या कपाटात ठेवलं. दहा वेळा अर्धं झालं की हजारावा भाग सुद्धा राहत नाही, म्हणजे आयोडीनचे ऐंशी दिवस. त्र्याऐंशीव्या दिवशी मीटर लावून बघितलं, काही नाही, पेन त्याला परत दिलं. मी आता प्रत्येक नवीन बॅचला हे सांगते आणि सांगितल्यावर मुलं पेनाकडे ज्या नजरेने बघतात ते बघून मला बरं वाटतं.

ह्या सवयी अशाच नाही आल्या. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घड्याळाच्या काट्यांना अंधारात चमकणारा रेडियमचा रंग लावायच्या मुली कामाला होत्या. रेषा बारीक यावी म्हणून ब्रशचं टोक ओठात धरून टोकदार करायचं, असं त्यांना शिकवलंच होतं. रेडियम शरीराला कॅल्शियमसारखं वाटतं, ते हाडात जाऊन बसलं, जबडे सडले, हाडांचे कॅन्सर झाले. कंपन्या आधी नाही म्हणाल्या, मुली कोर्टात गेल्या. त्यातल्या ज्या वाचल्या त्यांच्या तपासण्या पुढे कित्येक दशकं चालू होत्या, आणि शरीराच्या आत गेलेला पदार्थ किती घातक ते जगाला त्यांच्यामुळे आकड्यात कळलं. आज आमच्या लॅबमधे खाणं, पिणं, पाण्याची बाटली, तोंडाने पिपेट ओढणं, सगळं बंद आहे ते त्या मुलींमुळे.

आणि भंगाराचं तर मला आपल्या भागासाठी मुद्दाम सांगायचंय, कारण जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीच्या आजूबाजूला भंगारवर पोट असणारी कितीतरी घरं आहेत. दोन घटना. १९८७, ब्राझीलमधलं गोयानिया शहर. एक दवाखाना दुसरीकडे हलला आणि कॅन्सरच्या उपचाराचं जुनं मशीन मागे तसंच पडून राहिलं. दोघांनी त्याचा भाग काढून भंगारवाल्याला विकला. आत सीझियम-१३७ ची पूड होती, अंधारात निळी चमकायची. भंगारवाल्याला वाटलं काहीतरी किमती आहे, घरी नेलं, नातेवाईक-शेजारी बघायला आले, कोणी चिमूटभर घरी नेली, कोणी चमकी समजून अंगाला लावली. सहा वर्षांच्या एका मुलीने त्याच हातांनी जेवण केलं. घरातली माणसं आजारी पडू लागली तेव्हा भंगारवाल्याच्या बायकोलाच संशय आला, तिने ते सगळं पिशवीत घालून बसने सरकारी आरोग्य कार्यालयात नेऊन दिलं. ती बाई आणि ती मुलगी दोघी वाचल्या नाहीत, एकूण चार जण गेले, २४९ लोकांच्या अंगावर किंवा अंगात सीझियम सापडलं आणि १ लाख १२ हजारांवर लोकांची तपासणी करावी लागली. सीझियम म्हणजे मिरचीपूड होती, ती घरोघर गेली.

दुसरी आपल्याच देशातली, दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारातली, २०१०. विद्यापीठातलं एक मशीन १९८५ पासून वापराविना पडून होतं, ते लिलावात भंगार म्हणून गेलं. आत कोबाल्ट-६०, हा धातू, सुट्या तुकड्यांचा, पुडीसारखा उडणारा नाही. हा पेटता निखारा समजा. दुकानात कापाकापी झाली, ज्यांच्या जवळ तुकडे राहिले त्यांची कातडी काळी पडली, केस गळाले, एकाने तर तुकडा पाकिटात ठेवला होता. एक कामगार गेला. तो निखारा थंड दिसतो, हाताला गरम लागत नाही, म्हणून तर फसगत होते. पाच वर्षं आणि वर तीन-चार महिने गेले की कोबाल्ट अर्धा होतो, म्हणजे पंचवीस वर्षं पडून राहिलेल्या मशीनमधे सुद्धा माणूस मारण्याइतका शिल्लक होता.

म्हणून, भंगारात एखादी वस्तू तिच्या आकाराच्या मानाने फारच जड लागली, जाड शिशाची दिसली, किंवा तिच्यावर पिवळ्या पट्टीवर तीन पाती असलेलं पंख्यासारखं चिन्ह असेल, तर हात लावू नका, कापू नका, उत्सुकतेने उघडू नका. लांब व्हा, इतरांना लांब करा, पोलिसांना कळवा. २००७ पासून अजून एक चिन्ह आलंय, लाल त्रिकोण, त्यात किरण, कवटी आणि पळणारा माणूस, ते अशा मोठ्या ताकदीच्या वस्तूंच्या आत लावतात. ते दिसलं म्हणजे तुम्ही आधीच नको तेवढं उघडलंय. आणि ज्यांच्याकडे अशी मशीन आहेत, कॉलेज असो की दवाखाना की कारखाना, त्यांनी ती विकायची नसतात, एईआरबीला, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवून नीट परत करायची असतात. १९८३ पासून ही संस्था ह्याच कामासाठी आहे.

लोक विचारतात, पण तुम्हाला कसं कळतं किती चालतं आणि किती नाही? ह्यासाठी फार मोठं संशोधन झालंय, आणि त्यातलं बरंचसं दुःखातून आलेलं आहे. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या आणि तुलनेसाठी घेतलेल्या अशा मिळून साधारण १ लाख २० हजार लोकांवर १९५० पासून लक्ष ठेवलं जातंय, आजपर्यंत. त्यातून कळलं की ब्लड कॅन्सर काही वर्षांतच वाढला, बाकीचे कॅन्सर दहा-दहा, वीस-वीस वर्षांनी वाढले, आणि डोस जितका जास्त तितका धोका जास्त. त्याच्याच जोडीच्या वेगळ्या अभ्यासात वाचलेल्यांच्या पुढे झालेल्या मुलांमधे आनुवंशिक दोष वाढलेले आढळले नाहीत. हे मी मुद्दाम लिहितेय कारण लग्न जमवताना लोक काय काय बोलतात ते मी ऐकलंय. केरळात कोल्लम जिल्ह्यात करुणागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर वाळूतच थोरियम आहे, तिथले लोक पिढ्यानपिढ्या जास्त रेडिएशनमधे राहतात, तिथल्या जवळजवळ ७० हजार लोकांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला, २००९ ला निष्कर्ष आले, कॅन्सर जास्त सापडला नाही. उलट फ्रान्स, ब्रिटन, अमेरिकेतल्या ३ लाखांवर अणुऊर्जा कामगारांच्या अभ्यासात डोसबरोबर कॅन्सरचा धोका थोडा थोडा वाढताना दिसला. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. इतक्या लहान डोसचा परिणाम इतका लहान असतो की तो मोजणंच अवघड जातं, त्यामुळे नियम करणाऱ्यांनी सावध बाजू धरली, थोड्या डोसला थोडा धोका असं मानून चालायचं आणि उगाच एक कण पण घ्यायचा नाही. मला हे पटतं.

म्हणून आकडे असे ठरलेत. सर्वसामान्य माणसाला अशा कामांमुळे वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या (अंगाला लागलेल्या डोसचं हे माप) वर जाता कामा नये. आमच्यासारख्यांना पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २०, आणि आपल्या देशात कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. तुलनेला सांगायचं तर निसर्गातूनच माणसाला जगभरात सरासरी २.४ मिळतात, छातीचा एक एक्स-रे ०.१ हून कमी, पोटाचा सीटी स्कॅन ८-१० च्या आसपास. पेशंटला ही मर्यादा लागू नसते कारण त्याला उपचाराचा फायदा असतो, तिथे डॉक्टर गरज बघून ठरवतात. आम्ही छातीवर एक बॅज लावतो, टीएलडी म्हणतात, त्यातल्या चकत्या तीन महिने डोस साठवतात, मग लॅबमधे त्या गरम केल्या की उजेड देतात आणि त्या उजेडावरून किती डोस लागला ते कळतं. मी एवढी वर्षं काम करतेय, माझे आकडे मर्यादेच्या खूप खाली आहेत. नशिबाने नाही, चिमट्याने आणि सवयीने.

तर त्या रात्री भावाला जे सांगितलं ते असं. आई वेगळ्या खाटेवर, शक्यतो वेगळ्या खोलीत झोपेल, आणि बाळ आजपासून तुमच्याकडे, तो रडेल, रडू दे. मोठ्या माणसांनी तिच्याशी गप्पा मारायच्या, चहा द्यायचा, फक्त तासन्‌तास चिकटून बसायचं नाही, दोन हात अंतर ठेवायचं. तिचं ताट-वाटी, पेला वेगळा ठेवा, साबणाने धुवा, फेकू नका. टॉवेल, चादर वेगळी धुवा. संडासात बसून लघवी करायची, दोनदा पाणी टाकायचं, हात साबणाने धुवायचे. स्वयंपाक काही दिवस दुसऱ्यांनी करायचा, निदान पीठ मळणं-कालवणं तरी. गरोदर बाई आणि लहान मुलांपासून तिच्या कागदावर तीन आठवडे लिहिलेत ते तीन आठवडे पाळायचे. हे दिवस प्रत्येक पेशंटला डोसप्रमाणे वेगळे असतात, कोणी माझ्या मावशीचे दिवस आपल्याला लावू नका, आपल्या कागदावर बघा, आणि कागद कळला नाही तर कळेपर्यंत दवाखान्याला विचारा, तो तुमचा हक्क आहे. तरुण बायकांनी हे औषध घेण्याआधी गरोदर नाही ना ते तपासायचंच, अंगावर पाजत असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचं, पाजणं बंद करावं लागतं, आणि औषधानंतर निदान सहा महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

मग आली अखाजी. मावशीची मुलगी पाचव्या महिन्यात होती आणि माहेरपणाला येणार होती, झोका बांधून झालेला, आमरसाचे आंबे येऊन पडलेले, आणि औषधाला जेमतेम अकरा दिवस. भाऊ म्हणाला तिला नकोच येऊ देत. मावशी म्हणाली अखाजीला लेक नाही आली तर मग सण कसला. मी सांगितलं येऊ दे, पण उतरेल समोरच्या काकांकडे. शेक अंतराने कमी होतो ना, मग आपण अंतर वापरू. अखाजीच्या संध्याकाळी मावशी आपल्या ओट्यावर बसली आणि लेक गल्लीपलीकडे काकांच्या ओट्यावर, मधे पंधरा फुटांची गल्ली. दोघी मोठमोठ्याने बोलत होत्या, सासरचं सगळं अख्ख्या गल्लीने ऐकलं. पुरणपोळी भावजयीने केली आणि ताटं दोन्हीकडे गेली. ज्या काकूंनी ताट फेकायला लावलं होतं त्या मावशीच्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसल्या, मी त्यांना फोनवर चूल आणि मिरची समजावली होती.

बाविसाव्या दिवशी मी सुट्टी काढून गेले. बाळ दारातूनच पळत आला आणि आजीच्या मांडीवर चढला. मावशीने आधी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तेव्हा कुठे तिने हात त्याच्याभोवती घातले. मग मला विचारलं, "आते मन्हा गयामा काही शे का?" म्हणजे अजून गळ्यात काही आहे का. मी म्हटलं आहे मावशी, थोडंसं आहे, पुढच्या बाजारापर्यंत त्याच्याही अर्ध्याहून कमी होईल, त्याला मांडीवर घ्यायला आता हरकत नाही. ती बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि मी भिंतीवरचा तो इंग्रजी कागद काढून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं मराठीत लिहून दिलं, शेजारच्या गल्लीतल्या एका बाईला पुढच्या महिन्यात हेच औषध घ्यायचं होतं, तिला द्यायला.